कार्पेटवरच्या रेघा

आमच्या ओहायोतल्या बऱ्याच घरांत कार्पेट अंथरलेलं नसतं, ते जमिनीला ठोकलेलं असतं. भिंतींच्या कडेने खिळ्यांच्या पट्ट्या, त्यांवर ताणून बसवलेलं कार्पेट, खाली फोमचा थर आणि त्याखाली प्लायवूड. हॉलमध्ये, बेडरूममध्ये, जिन्यावर, अगदी कपाटाच्या आतसुद्धा. सतरंजी गच्चीत नेऊन उन्हात टाकता येते, जाजम चौघांनी चार टोकं धरून झटकता येतं. हे कार्पेट मात्र जागचं हलत नाही. त्यामुळे त्यातला केर जागच्या जागी ओढून काढायचा, एवढा एकच मार्ग उरतो. शनिवारी सकाळी चहा झाला की मी व्हॅक्यूम काढते. हे काम मला मनापासून आवडतं, आणि त्याबद्दल सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आवडण्याचं मोठं कारण म्हणजे रेघा. आमचं कार्पेट दाट, मऊ, कापलेल्या धाग्यांचं आहे, रंग ओल्या वाळूसारखा. त्यावरून मशीन सरळ नेलं की एक फिकट पट्टा उमटतो, परत ओढलं की शेजारी गडद पट्टा उमटतो. खोली पूर्ण झाली की दाराशी उभं राहून बघावं: या टोकापासून त्या टोकापर्यंत फिकट-गडद, फिकट-गडद. नवीन माणसाला वाटतं, कार्पेटमध्येच दोन रंग आहेत. रंग एकच असतो. मशीन पुढे ढकललं की धागे आपल्यापासून दूर लवतात, त्यांच्या अंगावर प्रकाश पडून तो आपल्याकडे परततो आणि पट्टा उजळ दिसतो. मागे ओढलं की धाग्यांची टोकं आपल्याकडे वळतात, त्यांच्यामधली सावली दिसते आणि पट्टा गडद होतो. खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी जाऊन पाहिलं, तर मघाशी गडद असलेले पट्टे फिकट झालेले असतात आणि फिकट होते ते गडद. क्रिकेटच्या मैदानावर दिसणारे हिरवे पट्टेही असेच होतात. गवत तेच, फक्त रोलरने ते एकदा इकडे आणि एकदा तिकडे लववलेलं.

सगळ्या कार्पेटांवर हे होत नाही. न कापलेल्या, गाठीगाठींच्या फंद्यांचं जे कार्पेट असतं, त्यावर कितीही फिरवा, रेघ उमटत नाही. लांब, पिळदार धाग्यांचंही एक कार्पेट मिळतं. पावलांचे ठसे दिसू नयेत म्हणून मुद्दाम तसं केलेलं. दुकानदार ते फार कौतुकाने दाखवतात. कामाच्या घाईत असलेल्या घराला ते सोयीचंच आहे. पण मला विचाराल तर ठसे दिसणारं कार्पेट घ्यावं. त्यावर राबलेलं दिसतं.

घरकामाचं दुखणं असं आहे, की केलेलं दिसत नाही आणि राहिलेलं तेवढं दिसतं. भांडी घासून पालथी घातली, कपडे घडी करून कपाटात गेले, ओटा पुसून कोरडा झाला, की ते काम नाहीसं होतं. दिवसभर घरात राबलेल्या बाईला संध्याकाळी दाखवायला हातात काही नसतं. कार्पेटवरच्या रेघा त्याला अपवाद आहेत. इथे कुणीतरी थोड्या वेळापूर्वी होतं, खोलीचा प्रत्येक भाग त्याच्या हाताखालून गेला आहे, हे त्या रेघा सांगतात. सारवलेल्या जमिनीवर बोटांच्या अर्धवर्तुळांचे ठसे उमटतात ना, तसंच हे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आजीच्या घरी ओटी आणि माजघर शेणाने सारवलेलं असे. आजी उकिडवी बसून मागे मागे सरकत हात फिरवायची. एका अर्धवर्तुळाला दुसरं बेताने लागलेलं, मधे कुठे कोरडी जागा नाही की शेणाचा गोळा नाही. वाळल्यावरही ते हात दिसत. कोणत्या सुनेने सारवलं आहे हे बायका नुसतं बघून सांगत. सफाईदार सारवणाचं कौतुक व्हायचं आणि ते तोंडावर व्हायचं. ते कौतुक मला फार मोलाचं वाटतं. पुसलेल्या फरशीला ते कधी मिळालं नाही.

आई पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा तिला हे कार्पेट अजिबात पटलं नव्हतं. "अगं, पण यातला केर दिसतो कुठे?" हा तिचा पहिला प्रश्न. प्रश्न अगदी नेमका होता. फरशीवरचा केर डोळ्यांना दिसतो, तळव्यांना लागतो. कार्पेट तो पोटात घेतं. वरून स्वच्छ दिसणाऱ्या कार्पेटच्या मुळाशी बारीक वाळू साचलेली असते, आणि खरं नुकसान ती वाळूच करते. तिच्या कणांना धार असते. आपण चालतो तसतसे ते कण धाग्यांच्या बुडाशी घासतात, धाग्यांवर ओरखडे पडतात, मग तिथून प्रकाश नीट परतत नाही. दारापासून सोफ्यापर्यंत जो मळकट रस्ता पडलेला दिसतो, तो पुष्कळदा मळ नसतोच. तो झिजलेला धागा असतो, आणि कितीही शॅम्पू केला तरी झीज भरून येत नाही. म्हणून दिसायच्या आधी केर काढायचा. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग चपला दाराबाहेर काढतो आपण, ते बरोबरच की." बरोबरच आहे. कार्पेटच्या आयुष्यासाठी याहून मोठा उपाय नाही.

आता पद्धत. नव्याने इथे आलेल्या, पहिलंच अपार्टमेंट घेतलेल्या मुलामुलींना मी हे प्रत्यक्ष करून दाखवते, इथे शब्दांत सांगते. आधी हाताने वेचायचं. नाणी, केसांच्या पिना, सेफ्टी पिना, कागदाच्या स्टेपल, आणि आपल्या घरांत हमखास सापडणाऱ्या टिकल्या. टिकलीचा गोंद फिरत्या ब्रशला लागला की त्यावर पुढे महिनाभर केस चिकटत राहतात. मग कडा. चपटं, निमुळतं तोंड नळीला लावून भिंतीच्या पट्टीलगत फिरवायचं. कार्पेट आणि भिंत यांच्या फटीतून हवा ये-जा करते आणि जाताना धूळ तिथेच गाळून ठेवते. कडेला काळी रेघ दिसायला लागते ती याच कारणाने, आणि एकदा बसली की ती जाता जात नाही. बहुतेक जण कडा शेवटी करतात किंवा करतच नाहीत. आधी केल्या तर पुन्हा कार्पेटवर पाय देऊन रेघा मोडायची वेळ येत नाही.

मग उंची. मशीनच्या पुढच्या भागावर एक खटका असतो, त्याने ब्रश वरखाली होतो. जास्त खाली केला तर मशीन कार्पेटला चिकटून बसतं आणि ढकलताना दंड भरून येतात. जास्त वर केला तर ब्रश धाग्यांना लागतच नाही, नुसता आवाज होतो. सर्वांत वरच्या खुणेपासून सुरुवात करून एकेक घर खाली यायचं. ब्रश धाग्यांच्या टोकांना लागला की आवाज किंचित जड होतो. तो आवाज ओळखता आला की अर्धं काम आलं. पिशवीचं मशीन असेल तर पिशवी गच्च भरायची वाट बघू नये. ती दोन-तृतीयांश भरली की ओढ कमी व्हायला लागते. ब्रशवर गुंडाळलेले लांब केस कात्रीने आडवे कापून ओढून काढावेत. आपल्या बायकांच्या घरांत हे काम वरचेवर निघतं. ब्रश फिरायचा थांबला आणि जळक्या रबराचा वास आला, तर ब्रश फिरवणारा आतला रबरी पट्टा गेला असं समजावं आणि मशीन लगेच बंद करावं.

प्रत्यक्ष फिरवताना सगळ्यात मोठा गुण सावकाशपणाचा. घाईने पुढेमागे केलं तर वरवरचा कचरा जातो, तळाची वाळू तिथेच राहते. ब्रशने धागा बडवून वाळू मोकळी करायची आणि हवेने ती वर ओढायची, या दोन्हीला थोडा वेळ लागतो. ओढ खरी कामाला येते ती मशीन मागे घेताना, म्हणून पुढे जरा भरभर गेलं तरी चालेल, मागे येताना संथ यावं. मी आधी खोली आडवी करून घेते. या फेरीत रेघांचा विचार करायचा नाही, फक्त केर. आडवं झाल्यावर उभं. दोन दिशांनी गेलं की धाग्याच्या दोन्ही अंगांचं निघतं. या दुसऱ्या फेरीत मात्र दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात जायचं, सर्वांत लांब भिंत धरायची, आणि तिच्याशी समांतर पहिला पट्टा मारायचा. हा पहिला पट्टा सरळ आला की पुढचे आपोआप त्याच्या वळणाने येतात. नजर मशीनच्या तोंडाशी ठेवू नये, समोरच्या भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर ठेवावी. नजर खाली गेली की हात वाकडा जातो. प्रत्येक पट्टा आधीच्यावर चार बोटं चढवायचा. वायर खांद्यावरून मागे टाकलेली, आणि आपण मागे मागे दाराकडे येत राहायचं. शेवटचा पट्टा उंबऱ्याशी संपतो आणि आपण बाहेर असतो.

आई नंतरच्या एका मुक्कामात हे सगळं शिकली. तिच्या हाताला सरळ पट्टा मात्र मानवला नाही. ती एका जागी उभी राहायची आणि कमरेतून वळत मशीन अर्धगोल फिरवायची. एक पाऊल मागे, पुन्हा अर्धगोल. शेवटी मी तिची खोली तिच्याच पद्धतीवर सोडून दिली. काढलेला केर तिच्या पिशवीत माझ्यापेक्षा कमी नसायचा.

या मशीनचा जन्म आमच्यापासून फार लांब झालेला नाही, याचं मला अप्रूप आहे. ओहायोच्या राजधानीहून, कोलंबसहून, गाडीने दोन तासांवर कँटन नावाचं गाव आहे. तिथल्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये जेम्स मरे स्पँगलर नावाचा गृहस्थ झाडलोटीचं काम करायचा. वय साठीला टेकलेलं आणि दम्याचा विकार. कार्पेट झाडताना उडणारी धूळ त्याच्या छातीत जायची. 1907 मध्ये त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र उभं केलं. अभ्रा धूळ धरायला. 1908 मध्ये त्याला पेटंट मिळालं. भांडवल नव्हतं. यंत्र सूझन हूवर यांच्या घरी पोचलं, त्यांना पसंत पडलं, आणि त्यांचे पती विल्यम हूवर यांनी पेटंट विकत घेतलं. हूवर यांचा धंदा घोड्यांच्या खोगिरांचा आणि चामड्याच्या सामानाचा. मोटारगाड्या येऊ लागल्या होत्या आणि त्या धंद्याला पुढे दिवस नव्हते. स्पँगलर 1915 मध्ये वारला.

इंग्लंडमध्ये त्याआधीच, 1901 मध्ये, ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने हवा ओढून धूळ काढणारं यंत्र केलं होतं. ते इतकं मोठं होतं की घोड्याने ओढून आणून रस्त्यात उभं करायचं आणि खिडक्यांतून लांब नळ्या घरात सोडायच्या. सातव्या एडवर्डच्या 1902 च्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबेतली कार्पेटं त्याने साफ केली. बूथचं मोठेपण मान्यच आहे. पण राजवाड्यांच्या दारात उभं राहणाऱ्या यंत्रापेक्षा मला उशीच्या अभ्र्याचं यंत्र जवळचं वाटतं. ज्याच्या छातीत धूळ जात होती त्यानेच ते केलं. झाडणाऱ्या माणसाला त्या कामात काय सोसावं लागतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्याही आधी, 1876 मध्ये, शेजारच्या मिशिगनमधल्या मेलव्हिल बिसेलने हाताने ढकलायच्या कार्पेट झाडण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आपले गाडगेबाबा जन्मले तेही 1876 सालीच. यात संबंध काही नाही, पण हातात खराटा घेऊन गावं झाडणारा संत ज्या मातीत झाला, त्या मातीतल्या माणसाला हे साल वाचून थबकायला होतं.

आमच्या धाकट्याला लहानपणी धुळीचा त्रास व्हायचा, तेव्हा डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत घरात कार्पेट आहे का हे विचारलं होतं. तेव्हापासून मशीनमधून बाहेर पडणाऱ्या हवेकडेही लक्ष द्यायला लागले. पुढून ओढलेली बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत फेकली जात असेल, तर रेघा कितीही देखण्या आल्या तरी काय उपयोग? हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवतो. पण तो बसवलेल्या झाकणाला फट असेल तर हवा फटीतून निघून जाते. फिल्टरच्या आकड्याइतकंच त्या झाकणाचं रबर महत्त्वाचं.

हल्ली काही घरांत कार्पेटवर नुसता लांब दातांचा दंताळ्यासारखा ब्रश फिरवून रेघा काढतात. फोटोसाठी, किंवा पाहुणे दाराशी आले म्हणून. मला ते रुचत नाही. केर तसाच ठेवून वर रेघा ओढणं म्हणजे न केलेल्या कामाची पावती फाडणं. दबलेले धागे उभे करायला तोच ब्रश वापरला तर उत्तम. सोफ्याच्या पायांचे खड्डे पडतात, त्यांत बर्फाचा खडा ठेवून वितळू द्यावा, पाणी टिपून घ्यावं आणि मग हलकेच ब्रश करावा. नायलॉनचे धागे बऱ्यापैकी वर येतात.

याच्या उलट टोकाचीही माणसं आहेत. रेघा मारल्या की खोलीचं दार ओढून घेतात, मुलांना आत पाऊल टाकू देत नाहीत. त्यांचा जीव मला कळतो. एवढ्या निगुतीने केलेलं काम पाच मिनिटांत मोडलेलं बघवत नाही. पण आपल्या लोकांसाठी कार्पेट ही फक्त चालायची जागा नाही, ती बसायची जागा आहे. आमच्याकडे मंडळातली माणसं जमली की सोफे रिकामे राहतात आणि सगळे खाली मांडी घालून बसतात. तबला तिथे, पत्ते तिथे, लहान मुलं तिथेच झोपतात. जिथे माणूस गाल टेकवून झोपणार आहे, ती जागा तशीच निर्मळ हवी. रेघा म्हणजे "या, बसा" असं म्हणणं आहे. त्या मोडल्या की त्यांचं काम झालं.

जिना हा या कामातला सगळ्यात अवघड भाग, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. मोठं मशीन तिथे चालत नाही. नळी, छोटा ब्रश, आणि एकेक पायरी. वरून खाली यायचं, म्हणजे सुटलेला केर पुढच्या पायरीवर पडतो. पायरीची पुढची कड आणि आतला काटकोन, दोन्ही वेगवेगळं करायचं. आमच्याकडे जिना नवऱ्याकडे आहे, आणि तो तो उत्तम करतो.

हॉलमध्ये उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा एक लहान हाताने विणलेला लोकरी गालिचा आहे. त्याला मात्र फिरता ब्रश कधीच लावायचा नाही. ब्रश बंद करून नुसत्या ओढीने, लोकरीच्या कलाने फिरवायचं, आणि झालरीपासून लांब राहायचं. झालर ही त्या गालिच्याचे ताण्याचे दोरेच असतात, वरून शिवलेली शोभा नाही. ती ब्रशमध्ये अडकून तुटली तर कडेच्या गाठी सुटायला लागतात. झालर हाताने विंचरावी.

वर्षातलं सर्वांत मोठं व्हॅक्यूम गणपतीचं. आदल्या दिवशी सामान हलवून, सोफ्याखालून, पडद्यांमागून सगळं होतं. पण खरी कसोटी विसर्जनानंतरची. अक्षता, दूर्वांच्या काड्या, झेंडूच्या पाकळ्या, खोबऱ्याचा कीस, आणि या सगळ्यात अवघड म्हणजे हळदकुंकू. कुंकू सांडलेलं दिसलं की पहिला हात ओल्या फडक्याकडे जातो. तो आवरायचा. कोरडं कुंकू आणि कोरडी हळद धाग्यांवर नुसती बसलेली असते, पाणी लागलं की ती आत उतरते. फिरता ब्रशही लावायचा नाही, तो ती पूड रगडून आत घालतो. नळीचं तोंड बोटभर वर अधांतरी धरायचं आणि पूड हवेनेच उचलू द्यायची, बाहेरून मध्याकडे. एवढं केल्यावर डाग जवळजवळ राहत नाही. हळदीची छटा उरलीच, तर साबणाचं पाणी लावू नये. साबणाने हळद लाल होते, हे आपल्याला पंचा धुतानाच माहीत झालेलं असतं. त्यापेक्षा पडदा बाजूला सारून त्या जागेवर ऊन येऊ द्यावं. हळदीचा पिवळेपणा उन्हाने उडतो.

अक्षतांचा प्रश्न वेगळा आहे. त्या मशीनमध्ये घालायला मन धजत नाही. आईने त्यावर एका वर्षी निकाल दिला. "हाताला येतील त्या वेच, झाडाखाली टाक. उरलेल्यांचं मनाला लावून घेऊ नकोस." तेव्हापासून आम्ही सगळे, घरातला नवरा, मुलं आणि थांबलेले पाहुणे, विसर्जन करून आलो की हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून अक्षता आणि फुलं वेचतो. तरी दिवाळीच्या सफाईत सोफ्याच्या मागे चार दाणे निघतातच. खंडेनवमीला पूजेला मांडलेल्या वस्तूंत मुलाचा लॅपटॉप असतो, नवऱ्याची ड्रिल असते आणि माझं व्हॅक्यूम असतं. आधी फिल्टर धुवायचा, तो पूर्ण दिवस वाळू द्यायचा, ब्रशवरचे केस कापायचे, चाकांतले धागे काढायचे, आणि मग त्याला गंधफूल. यंदा ब्रशचा रबरी पट्टाही बदलायला आला आहे. नवा आणून फडताळात ठेवला आहे, तो नवमीच्या आत बसवते.